पंगतीत बसल्यावर

मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या भागात तरी हा नियम अजून बऱ्यापैकी पाळला जातो. स्मशानातून माणसे परत येतात, दारात पायांवर पाणी घेतात, कडुनिंबाची पाने चावून थुंकतात आणि ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसून राहतात. उठून आपापल्या घरी जावे असे कोणालाच वाटत नाही आणि बसून बोलावे असेही काही उरलेले नसते. मग शेजारच्या किंवा सोयऱ्यांच्या घरातून पाटीभर भाकरी आणि पातेलेभर पिठले येते. याला कडू घास म्हणतात. ज्याचा बाप किंवा आई गेली त्याला एकट्याला ताटावर बसवून कोणी ‘जेव’ म्हणत नाही, कारण तो जेवणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसतात आणि जेवू लागतात. त्यांच्यापैकी अनेकांना खरोखरच भूक लागलेली असते. लाकडे, तिरडी, लांबच्यांना निरोप, येणाऱ्यांची वाट पाहणे यांत सकाळपासून त्यांच्या पोटात काही गेलेले नसते. त्यांचे जेवण सुरू झाले की शोक करणाऱ्याचाही हात कधीतरी भाकरीकडे जातो. हुंदका आवरल्याशिवाय घास गिळता येत नाही, ही शरीराची साधी अडचण आहे, आणि ज्या कोणी ही रीत घातली त्यांना ती नेमकी माहीत असावी. सांत्वनाची वाक्ये मी पुष्कळ ऐकली आहेत आणि काही बोललोही आहे. त्यांतल्या एकाही वाक्याने त्या पिठल्याएवढे काम केलेले मी पाहिलेले नाही.

आमच्या आजोबांच्या वेळी या रीतीवर जरा जास्तच भार पडला. माझे वडील आणि माझे थोरले चुलते यांचे तेव्हा कित्येक वर्षे बोलणे नव्हते. कारण गावाकडच्या बहुतेक भांडणांचे असते तेच होते: बांध, आणि सामाईक विहिरीवरच्या पाण्याची पाळी. वाड्याच्या मधोमध भिंत उभी राहिली होती, दिवाणी न्यायालयात दावा चालू होता, आणि दोन्ही घरांतल्या आम्हा मुलांना पलीकडच्या अंगणात चेंडू गेला तर तो आणायचा की सोडून द्यायचा याचेही धोरण ठरवून दिलेले होते. आजोबा आमच्याकडे राहत. अग्नी थोरल्या मुलाने द्यायचा म्हणून काकांनी दिला. परत आल्यावर दोघे भाऊ ओसरीच्या दोन टोकांना बसले. शेजारून भाकरी आली. तेव्हा आजोबांची बहीण, जिला सगळे गाव आत्या म्हणत असे, पुढे झाली, तिने एकच परात घेतली, तीत दोन भाकऱ्या आणि मधोमध पिठले घातले, आणि दोघांनाही नावाने हाक मारून सांगितले, “या, बसा. तुमच्या बापाला दोन ताटं परवडत नव्हती तेव्हा एकातच जेवलायत की.”

ते बसले. म्हाताऱ्या आत्याला अशा दिवशी नाही म्हणण्याची सोय नव्हती. मी समोरच होतो, त्यामुळे मला त्या जेवणाचा तपशील आठवतो. दोघांनी आपापल्या बाजूचे पिठले खायला सुरुवात केली. मध्ये न आखलेला एक बांध होताच. पिठले मात्र पातळ होते आणि ते बांध मानत नव्हते. थोड्या वेळाने काकांनी आपल्या बाजूची भाकरी मोडून अर्धी वडिलांच्या बाजूला सरकवली आणि म्हणाले, “घे.” कित्येक वर्षांनी उच्चारलेला तो पहिला शब्द होता. वडिलांनी ती भाकरी घेतली. याहून अधिक काहीही झाले नाही. कोणी गळ्यात पडले नाही, कोणी झाले-गेले विसरू असे म्हटले नाही, आणि दावाही मागे घेतला गेला नाही.

बदल झाला तो वेगळ्याच जागी. सुतक फिटल्यानंतरच्या पहिल्या तारखेला दोघेही एकाच एसटीने न्यायालयात गेले, आणि त्यानंतर हेच चालू राहिले. वादी आणि प्रतिवादी एकत्र प्रवास करत, तालुक्याच्या गावी एकाच टपरीवर भजी खात, वेगवेगळ्या वकिलांना भेटत आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. लहानपणी मला हा शुद्ध वेडेपणा वाटत असे. आता वाटते की, भांडण आणि नाते या दोन गोष्टी त्यांनी त्या परातीपासून वेगळ्या केल्या होत्या. पुढे दावा मिटला तो प्रेमामुळे नव्हे. सामाईक विहिरीला उन्हाळ्यात पाणीच राहीनासे झाले, आणि ज्या पाळीसाठी भांडायचे ती पाळीच संपली. पण तोवर दोन्ही घरे एकमेकांच्या सणांना जेवू लागली होती.

एकत्र जेवण्याबद्दल लिहिताना लोक फार गोड लिहितात, आणि मला त्या गोडव्याची थोडी भीती वाटते. जेवणाने मने जुळतात, असे सरसकट म्हणणे खरे नाही. माझ्या पाहण्यात जे आले ते इतकेच की, एका पंगतीत बसलेल्या माणसाला आपला राग पूर्ण तोऱ्यात सांभाळणे अवघड जाते. हात गुंतलेले असतात, तोंड गुंतलेले असते, मीठ कोणाच्या तरी पलीकडे असते आणि ते मागावे लागते. मागणे आणि देणे या दोन क्रिया जेवणात इतक्या वेळा, इतक्या क्षुल्लक रूपात घडतात की त्यांच्यासाठी कोणालाच कमीपणा घ्यावा लागत नाही. ‘मला क्षमा कर’ म्हणायला जे धैर्य लागते ते ‘जरा आमटी इकडे सरकव’ म्हणायला लागत नाही, आणि तरीही आमटी सरकतेच.

केटलिन वूली आणि आयलेट फिशबाक या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नेमकी हीच गोष्ट तपासलेली आहे. एकमेकांना अनोळखी असलेल्या माणसांच्या जोड्या केल्या, त्यांना चिप्स आणि साल्सा खायला दिला, आणि मग एकाला व्यवस्थापनाची व दुसऱ्याला कामगार संघटनेची भूमिका देऊन पगारवाढीची बोलणी करायला लावली. काही जोड्यांना खाण्यासाठी एकच वाडगा होता, काहींना दोन. करार होईपर्यंत लुटुपुटीचा संप चालू राहायचा, आणि एका वाडग्यातून खाल्लेल्या जोड्यांचा संप कमी दिवसांत मिटला. सरासरी साधारण नऊ दिवस, तर वेगवेगळ्या वाडग्यांतून खाणाऱ्यांना तेरा. प्रयोगशाळेतल्या खोट्या संपावरून खऱ्या आयुष्याबद्दल फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मला कळते. पण आमच्या आत्याने दुसरे ताट का काढले नाही, याचे उत्तर मला त्या अभ्यासात सापडते. एका वाडग्यातून खाताना समोरच्याचा हात कधी येतो आहे यावर नकळत लक्ष ठेवावे लागते. आपला हात थांबवावा लागतो, त्याचा जाऊ द्यावा लागतो. वाटाघाट खाण्यातच सुरू झालेली असते.

आपल्याकडच्या लग्नांत हे ज्ञान फार जुने आहे. आदल्या वर्षीपर्यंत ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते, अशी दोन घरे एका दिवसात सोयरी होतात. त्यांच्यामध्ये देण्याघेण्याचे, मानपानाचे, कोणाच्या साडीचा काठ रुंद आणि कोणाचा अरुंद याचे शेकडो ताण असतात. जुन्या पद्धतीच्या लग्नांत या सगळ्याचा निकाल विहिणीच्या पंगतीत लागत असे. ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती, पाट, आणि मुलीकडची सगळी कर्ती माणसे वाढपी. गावचा पाटील असो की शाळेचा मुख्याध्यापक, त्या दिवशी त्याने कमरेत वाकूनच जिलबी वाढायची आणि समोरच्या बाईने ताटावर आडवा हात धरला तरी आग्रहाने आणखी एक ठेवायची. पंगतीची रचनाच अशी आहे की देणारा उभा असतो आणि वाकतो, घेणारा बसलेला असतो. ज्याच्या घरचे अन्न, त्यालाच नम्र व्हावे लागते. या वाकण्यात मुलीच्या बापाची लाचारीही असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो वाकत होता तो पुष्कळदा भीतीने वाकत होता. पण त्याच पंगतीत रुसलेली वरमाय मठ्ठ्याच्या दुसऱ्या वाटीला हसलेली मी पाहिली आहे, आणि त्या हसण्याने मांडवातल्या पन्नास माणसांचा श्वास मोकळा झालेलाही.

जी गोष्ट माणसाला इतक्या सहज जवळ आणते तिच्यात दूर लोटण्याचेही तेवढेच बळ असते. पंक्तिप्रपंच हा आपल्याकडे मोठ्या अपराधांत मोजला गेला आहे. तुपाची धार एका ताटावर सढळ आणि शेजारच्या ताटावर केवळ थेंब पडला, तर तो थेंब ज्याच्या वाट्याला आला तो माणूस ते जन्मभर विसरत नाही. उसने घेतलेले पैसे बुडवणाऱ्याला माफ केल्याची उदाहरणे मला गावात सापडतील. पंगतीतून उठवल्याचा अपमान माफ केल्याचे उदाहरण शोधावे लागेल. आणि आपल्या समाजाने तर उठवण्याच्याही आधीची पायरी पक्की केली होती: कोणी कोणाबरोबर बसायचेच नाही. रोटीव्यवहार कोणाशी होतो आणि कोणाशी होत नाही, यावर जातीच्या भिंती उभ्या होत्या. अन्नाची ताकद ओळखलेल्या समाजानेच अन्नावर इतका कडक पहारा बसवला असणार, असे मला नेहमी वाटते.

हा पहारा किती कडक होता हे पुण्यातल्या १८९० सालच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनच्या प्रकरणात दिसते. मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखी माणसे तेथे होती. काहींनी चहा घेतला, काहींनी केवळ शिष्टाचार म्हणून पेला हातात धरला. हा सगळा घाट घालणाऱ्या गोपाळराव जोशी यांनी नंतर उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली, आणि सनातन्यांनी ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे केले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनी पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचा रोष पत्करला. एका पेल्यातल्या चहाने पुण्यातले मित्र दुरावले, घरांतली नाती ताणली गेली, आणि सुधारणेच्या चळवळीची दोन वर्षे त्यात खर्ची पडली. चहा कसा होता, याबद्दल मात्र कोणी काही लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हीच ताकद उलट दिशेने वापरली. गंगाराम कांबळे हा त्यांच्याकडचा अस्पृश्य समाजातला नोकर. पाण्याला शिवल्याबद्दल त्याला मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामला स्वतःचे हॉटेल काढायला मदत केली. हॉटेल निघाले, पण तेथे चहा प्यायला येणार कोण, हा प्रश्न होताच. मग महाराज आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवून गंगारामच्या हातचा चहा मागवू लागले, आणि सोबतच्या मंडळींनाही तो घ्यावा लागू लागला. राजाच्या पंगतीत बसलेल्याला चहा नाकारता येत नाही, हे राजाला पुरते ठाऊक होते. यात जबरदस्ती होती का? होती. पण मला ती जबरदस्ती आमच्या आत्याच्या जबरदस्तीच्या जातीची वाटते. पहिला घास बहुधा कोणाच्या तरी भिडेखातरच घेतला जातो.

वारीत अभंग म्हणताना सगळे एक असतात, आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात वारकरी एकमेकांच्या मुखात काला घालतात. पण इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात दिंडीचे जे वर्णन केले आहे त्यात ब्राह्मण आणि मराठे एकाच विठ्ठलाचे नाव घेत चालतात व मुक्कामाला स्वयंपाक वेगवेगळा करून वेगवेगळे जेवतात. कर्वे यांना ते सलले होते. गाणे एकत्र गाता येते आणि तरी मनातले अंतर शाबूत ठेवता येते. जेवण एकत्र झाले की ते अंतर शाबूत ठेवणे कठीण, म्हणूनच बहुधा तेवढे एक टाळले जात होते.

विसाव्या शतकात महाराष्ट्राने सहभोजनांचा मोठा उद्योग केला. डॉ. आंबेडकरांच्या समाज समता संघाने सहभोजने घडवली. रत्नागिरीत पतितपावन मंदिराच्या परिसरात सावरकरांनी ती घडवली, आणि १९३३ साली तेथे सर्व जातींसाठी खुले उपाहारगृह निघाले. समतानंद अनंत हरी गद्रे गावोगाव झुणका-भाकर सत्यनारायण करत, त्यात पूजेला दलित दांपत्य बसे आणि प्रसादाच्या जागी झुणका-भाकर असे. या सगळ्या प्रयत्नांबद्दल मला आदर आहे. परंतु १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात कधी न झालेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सहभोजनाबद्दल जे म्हटले आहे, त्यापाशी थांबावेच लागते. सहभोजनाने जातीची भावना मेलेली नाही, असा अनुभव त्यांनी तेथे नोंदवला आहे, आणि खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच मानला आहे. जेवणाच्या सामर्थ्यावर लेख लिहायला बसलेल्या माणसाने हे वाक्य वळसा घालून जाणे बरोबर नाही.

ते खरे आहे असे मला वाटते, आणि का खरे आहे याचा मी बराच विचार केला आहे. सहभोजन हा समारंभ असतो. त्याची तारीख ठरते, बातमी होते, जेवणारा आपण जेवलो याची नोंद मनात ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचा त्याचा चहा ज्याच्या त्याच्या चुलीवर होतो. समारंभात माणूस आपल्या मोठेपणासह बसलेला असतो. नाते बदलायला लागणारे जेवण कंटाळवाणे असावे लागते. तीच आमटी, तेच पाणीदार वरण, त्याच माणसाचे तेच मचमच खाणे, आणि उद्या पुन्हा येथेच बसायचे आहे याची खात्री. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातला लंगर मला म्हणूनच सहभोजनापेक्षा वेगळा वाटतो; तो कशाच्या विरोधात घडवलेला प्रसंग नाही, तो रोजचा आहे, आणि तेथे रांगेत बसणाऱ्याला तू कोण हे विचारायला कोणाला सवड नसते.

या रोजच्या जेवणाचा आमच्या जिल्ह्यातला सर्वांत मोठा प्रयोग कर्मवीर भाऊराव पाटलांनी केला. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, ज्याला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सगळ्या घरांतली मुले तेथे राहत, स्वतः पाणी भरत, स्वतः रांधत आणि एकत्र जेवत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या. त्यांनी या मुलांना आपल्या मुलांसारखे वाढवले, आणि कोठीत धान्य संपल्यावर एकेक दागिना आणि शेवटी मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट आमच्याकडे शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. तिचे स्मरण करताना आपण मंगळसूत्रापाशी गहिवरतो आणि थांबतो. मला त्या आधीच्या दिवसांबद्दल कुतूहल आहे. ज्या बाईला लहानपणापासून कोणाची सावली कुठवर चालते हे शिकवलेले होते, तिने पहिल्यांदा सगळ्यांच्या ताटांत एका पळीने वाढले तेव्हा तिचा हात कसा चालला असेल? आणि महिनाभराने कसा? मला वाटते, मत आधी बदलले आणि मग हात, असे झाले नसावे. रोज दोन वेळा ढीगभर भाकऱ्यांची चिंता करणाऱ्या माणसाला कोण कोणत्या जातीचा हे लक्षात ठेवायला जागा उरत नाही. कोण किती खातो, कोणाला ताप आहे आणि कोण आज रुसून उपाशी झोपला, एवढेच लक्षात राहते.

त्या बोर्डिंगात शिकलेले एक शिक्षक आम्हाला होते. ते जातीबद्दल भाषण कधी देत नसत. पण बोर्डिंगमधल्या करपलेल्या भाताबद्दल ते इतक्या आवडीने बोलत की, स्वयंपाकाची पाळी त्या दिवशी कोणाची होती आणि त्याला इतरांनी काय शिव्या दिल्या हे आम्हाला पाठ झाले होते. एकत्र भात करपवलेल्या माणसांमध्ये एक प्रकारची बेफिकिरी येते, ती समारंभातल्या बासुंदीने येत नाही.

शाळेतल्या खिचडीचेही तसेच. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली, तेव्हा सुरुवातीची काही वर्षे आपल्याकडे मुलांना शिजवलेले अन्न मिळत नसे. हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत घालून घरी दिला जाई. तांदूळ घरी जाई आणि घरच्या चुलीवर, घरच्या नियमांनी शिजे. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला आणि शाळांच्या व्हरांड्यांत पंगती बसू लागल्या. पोटाचा हिशेब पाहिला तर तांदूळ तोच होता. पण पिशवीतल्या तांदळाने कोणी कोणाच्या शेजारी बसत नव्हते. स्वयंपाक करणारी बाई कोणत्या समाजाची, यावरून देशात ठिकठिकाणी तंटे झाले आणि अजूनही होतात, हे वाचतो तेव्हा वाईट वाटते, आणि त्याच वेळी हेही जाणवते की तंटा होतो तो खिचडीत काही तरी सामर्थ्य असल्यामुळेच. तांदळाच्या पिशवीवरून असा तंटा झाल्याचे मी ऐकलेले नाही.

इतके सगळे समाजाबद्दल लिहिल्यावर स्वतःच्या स्वयंपाकघराकडे पाहणे भाग आहे, कारण ज्या पंगतीचे मी गुणगान करतो आहे त्या पंगतीत आमच्या घरच्या बायका नव्हत्या. आधी पुरुष, मग मुले, आणि मग स्वयंपाकघरातच, उरलेल्यावर, आजी, आई आणि काकू. यामागे कोणी दुष्ट विचार केला होता असे नाही. यामागे गरम भाकरी होती. वडिलांना तव्यावरून थेट ताटात पडलेली, पदर सुटलेली, टम्म फुगलेली भाकरी लागे. अशी भाकरी खायची तर कोणीतरी चुलीपुढे बसलेच पाहिजे, आणि चुलीपुढे बसलेली व्यक्ती त्याच वेळी ताटावर बसू शकत नाही. घराच्या सगळ्या मोठ्या गोष्टी जेवताना ठरत: ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा, बैलजोडी विकायची की ठेवायची, कोणाचे लग्न कोठे करायचे. आईला ते सगळे भाकरी थापताना ऐकू येई. थापण्याच्या आवाजात तिला काही म्हणायचे असले तरी ते कोणाला ऐकू जात नसे.

पुढे आई अंगणवाडीत कामाला लागली. दिवसभर पन्नास पोरांमागे धावून आल्यावर तिने एके दिवशी सगळ्या भाकऱ्या आधीच थापून फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवल्या आणि स्वतःचे ताट आमच्या ताटांशेजारी मांडले. “गार झाल्यात जरा,” एवढेच म्हणाली. वडिलांनी भाकरी उलटून पाहिली, पण घरात आजी नव्हती आणि तवा उतरवलेला होता.

आमच्या घरात यानंतर गोडीगुलाबी नांदू लागली असे मला लिहिता येणार नाही. पहिले काही महिने जेवणे पूर्वीपेक्षा वाईट झाली. आई आता हाताच्या अंतरावर होती, आणि वडील जे ठरवून सांगत त्याला घास गिळून झाला की ती उत्तर देई. बैल विकण्यावरून झाले, काकांच्या मुलाला उसने दिलेल्या पैशांवरून झाले. ताईने दहावीनंतर पुढे शिकायचे की नाही यावरून इतके झाले की, वडील ताटावरून उठून गेले. अन्नाचा तो अपमान आमच्या घरात पूर्वी कोणी केलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते आले आणि त्याच पाटावर बसले, कारण जेवायला दुसरी जागा नव्हती. आईने त्यांना वाढले, स्वतः वाढून घेतले, आणि काल जेथे वाक्य तुटले होते तेथूनच पुढे सुरू केले. वडील त्या दिवशी उठले नाहीत. ताईच्या शिक्षणाचा प्रश्न एका जेवणात सुटला नाही. पाऊस संपेपर्यंत तो रोज थोडा थोडा ताटावर येत राहिला, वडिलांच्या हरकती एकेक करून कमी होत गेल्या, आणि शेवटी उरलेली हरकत फक्त खोलीच्या भाड्याची होती, जी त्यांनी स्वतःच साताऱ्याला जाऊन, ओळखीच्या घरी जेवणासकट सोय लावून मिटवली.

त्या ओळखीच्या घरचे जेवण कसे आहे, हे ते ताईला दर आठवड्याला विचारत. घरी मात्र गार भाकरीला गरम भाकरीची सर येत नाही हे त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत कायम राहिले, आणि त्यात खोटे काही नव्हते. आईलाही ते मान्यच होते.